उकिरड्याची दैना चार महिन्यांत फेडा
(घरच्या केरकचऱ्यापासून उसासाठी कंपोस्ट खत)



उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते, अशी आपल्याकडे म्हण आहे. पण थोडी पद्धत सांभाळली तर तीच दैना चार महिन्यांत फिटते, आणि उकिरड्याबरोबर आपल्या जमिनीचीही फिटते. घरचा केर, परसातला पालापाचोळा, गोठ्यातला उरलासुरला चारा आणि उसाचे पाचट यांपासून उत्तम कंपोस्ट घरच्या घरी कसे करावे, ते या लेखात पाहू या.

हा विषय आत्ताच का घेतला, ते आधी सांगतो. गटांत फिरताना सभासदांच्या माती परीक्षणाचे कागद हाताखालून जातात. त्यात सेंद्रिय कर्बाचा रकाना पाहा. ०.४० टक्क्यांच्या खाली आकडा असला की ती जमीन कर्बाने गरीब समजावी. अशा जमिनीत युरियाचे पोते वाढवले तरी टनेज वाढत नाही. पाणी दिले की रान चिघळते, वाफसा लवकर येत नाही, आणि आला तर दोन दिवसांत भेगा पडतात. पूर्वी दावणीला आठ-दहा जनावरे असत. शेणखताच्या गाड्या रानात जात. आज ट्रॅक्टर आला, बैल गेले, शेणखत विकत घ्यावे लागते आणि ते वेळेवर मिळतही नाही. म्हणजे खताची गरज वाढली आणि खताचा घरचा झरा आटला. अशा वेळी ज्याला आपण कचरा म्हणतो, त्याच्याकडे नीट पाहणे भाग आहे.

कचऱ्यात काय जाते, याचा हिशेब

एकरी तीन ते चार टन पाचट निघते. त्यात नत्र साधारण ०.४२ ते ०.५० टक्के, स्फुरद ०.१७ ते ०.२० टक्के आणि पालाश ०.९० ते १ टक्का असते. साडेतीन टन पाचट धरले तर त्यात सुमारे १६ किलो नत्र आणि ३० किलोच्या वर पालाश झाले. काडी लावली की नत्र आणि सगळा सेंद्रिय भाग धुरावाटे जातो. मागे राहते ती राख, आणि वाऱ्या-पावसात तिचाही भरवसा नाही. शिवाय वरच्या थरातले उपयोगी जिवाणू भाजून निघतात ते वेगळेच.

घरचा केर त्या मानाने थोडा वाटतो. पण सहा-सात माणसांच्या घरात रोज दोन किलो ओला केर निघतो असे धरले, तरी वर्षाला सातशे किलो होतात. भाजीची देठे, कांद्याची साल, फळांच्या साली, चहाचा चोथा, देवाचे निर्माल्य, खराब झालेले पीठ, सगळे यात आले. आपल्या नाशिक भागात त्यात कांद्याची पात, टोमॅटोचे वेल, मक्याची ताटे, सोयाबीनचा भुसा, गव्हाचे काड आणि द्राक्षबागेच्या छाटणीच्या काड्या यांची भर पडते. वस्तीवर कचऱ्याला तोटा नाही. तोटा आहे तो तो एका जागी आणून कुजवण्याच्या सवयीचा.

उकिरडा आणि कंपोस्ट यांत फरक काय?

पुष्कळ सभासद म्हणतात, "साहेब, आमचा उकिरडा आहेच की. वर्षाकाठी उचलतो आणि रानात टाकतो." बरोबर आहे, पण उघड्या उकिरड्यात तीन प्रकारे नुकसान होते. उन्हाने नत्र वायू होऊन उडून जाते. पावसाने विरघळलेले अन्नद्रव्य वाहून किंवा खाली जिरून जाते. आणि वरचे वाळलेले व तळचे चिखलात बुडालेले असे दोन्ही थर अर्धवट राहतात. मधला हातभर थर तेवढा कुजतो.

अर्धवट कुजलेले खत उसाला दिले तर फायदा बाजूलाच राहतो. कारण कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंना स्वतःच्या वाढीसाठी नत्र लागते. ते त्यांना कचऱ्यात पुरेसे मिळाले नाही, तर ते जमिनीतले नत्र उचलतात. मग लागण पिवळी पडते आणि आपण म्हणतो, खत घालूनही ऊस उठत नाही. दुसरा धोका हुमणीचा. वळवाचे पाऊस पडले की हुमणीचे भुंगेरे बाहेर पडतात, कडुनिंब-बाभळीवर बसतात आणि पुढे अंडी घालतात. कच्चे शेणखत व अर्धकुजका उकिरडा ही या किडीच्या अळ्यांची आवडती जागा. तोच उकिरडा आपण ट्रॉलीत भरून उसात नेऊन पसरतो, म्हणजे कीड आपणच पेरली असे झाले. तणांचे बीही तसेच जाते.

पूर्ण कुजलेल्या कंपोस्टात हे दोन्ही धोके फार कमी होतात, कारण नीट रचलेला ढीग आतून ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. या उष्णतेने बहुतेक तणांचे बी आणि रोगजंतू मरतात.

कुजण्याचे गणित सोपे आहे

कुजवणारे जिवाणू ही आपली न दिसणारी जनावरे समजा. त्यांना चारा, पाणी आणि हवा या तीन गोष्टी लागतात.

चारा दोन प्रकारचा. सुका, काडीचा चारा म्हणजे कर्ब, आणि ओला, हिरवा किंवा शेणाचा चारा म्हणजे नत्र. नत्राच्या एका भागाला कर्बाचे तीस भाग असले की कुजणे जोरात चालते. नुसत्या पाचटात हे प्रमाण शंभराच्या आसपास असते, म्हणून पाचट एकटे लवकर कुजत नाही. नुसत्या स्वयंपाकघरातल्या केरात उलटे, नत्र आणि पाणी जास्त, म्हणून तो सडतो आणि वास मारतो. दोन्ही एकत्र केले की दोघांचेही काम होते.

पाणी किती? ढिगातला मूठभर माल हातात घेऊन दाबावा. तळहात ओला झाला पण थेंब गळला नाही, तर ओल बरोबर. पाणी गळले तर जास्त, हात कोरडा राहिला तर कमी.

हवा नसेल तर कुजण्याऐवजी सडणे सुरू होते. म्हणून ढीग पायाने तुडवून गच्च करू नये.

ही पद्धत आपल्या मातीतलीच

कंपोस्ट हा शब्द इंग्रजी असला तरी त्याचे शास्त्र आपल्याच देशात घडले. अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर येथे १९२४ ते १९३१ या काळात शेतातला काडीकचरा, शेण आणि गोमूत्राची माती यांचे थर देऊन, ढीग तीनदा उलथून तीन महिन्यांत खत करण्याची पद्धत बसवली. तीच इंदूर पद्धत. १९३१ साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले, आणि त्याचे सहलेखक होते यशवंत वाड.

पुढे आपल्या महाराष्ट्रात यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी कमी शेणात जास्त खत करण्याची हौदाची पद्धत काढली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून तिला 'नाडेप' म्हणतात. ज्याच्या दावणीला एक-दोनच जनावरे उरली आहेत, त्याच्यासाठी हीच पद्धत सोयीची. इंदूर पद्धतीत ढीग उलथण्याला मजूर लागतो. नाडेपमध्ये भिंतीला ठेवलेल्या छिद्रांतून हवा खेळते, त्यामुळे उलथावे लागत नाही.

नाडेप हौद कसा बांधावा?

जागा गोठ्याजवळ, पाण्याजवळ, पण विहीर व बोअरपासून दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला असावी. वर झाडाची सावली असल्यास उत्तम.

हौदाचे आतले माप लांबी १० फूट, रुंदी ६ फूट आणि उंची ३ फूट. भिंत ९ इंची. विटांचे बांधकाम मातीत केले तरी चालते, फक्त वरचे शेवटचे दोन थर सिमेंटमध्ये घ्यावेत म्हणजे भिंत ढासळत नाही. तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या थरात दर दोन विटांनंतर ७ इंचांचे छिद्र सोडावे. ही छिद्रेच हौदाची नाके आहेत. ती बुजू देऊ नयेत.

लागणारे साहित्य

पालापाचोळा, पाचट, काडीकचरा : १,४०० ते १,५०० किलो
शेण : ९० ते १०० किलो
चाळलेली कोरडी माती : सुमारे १,७५० किलो
पाणी : १,५०० ते २,००० लिटर, ऋतूप्रमाणे कमी-जास्त

यात शेण किती थोडे आहे ते पाहा. शेणाचे काम येथे विरजणासारखे आहे. गॅलनभर दुधाला विरजण चमचाभरच लागते, तसेच हे. प्रेसमड मिळाले तर शेणाबरोबर त्याचाही पातळ थर द्यावा.

भरण्याची रीत

हौद भरण्याआधी आतल्या भिंती व तळ शेणकाल्याने शिंपून घ्यावा. मग,

पहिला थर : ६ इंच जाडीचा काडीकचरा, अंदाजे १०० ते ११० किलो. पाचट व ताटे शक्यतो तोडून घ्यावीत. लांबच्या लांब पाचट टाकले तर मध्ये पोकळी राहते.

दुसरा थर : १२५ ते १५० लिटर पाण्यात ४-५ किलो शेण कालवून तो काला सगळीकडे सारखा शिंपावा.

तिसरा थर : ५० ते ६० किलो चाळलेली माती पसरून वर थोडे पाणी मारावे. गोठ्यातली गोमूत्र मुरलेली माती असेल तर फारच चांगले.

याच क्रमाने ११-१२ थर द्यावेत आणि भिंतीच्या वर दीड फूट झोपडीसारखा उतार ठेवावा. शेवटी ३ इंच मातीचा थर देऊन शेणमातीने लिंपावे. संपूर्ण हौद एका किंवा फार तर दोन दिवसांत भरला पाहिजे. आठवडाभर रेंगाळत भरला तर एकसारखी उष्णता धरत नाही.

१५-२० दिवसांत माल ८-९ इंच खाली बसतो. तेव्हा पुन्हा त्याच क्रमाने थर देऊन वर दीड फूट भरावे व लिंपावे. पुढे लिंपणाला भेग पडली की बुजवावी, आणि छिद्रांतून पाणी मारून ओल टिकवावी. ९० ते १२० दिवसांत सुमारे ३ टन खत तयार होते.

मग रोजच्या केराचे काय?

येथेच पुष्कळांची अडचण होते. हौद दोन दिवसांत भरायचा, आणि घरातला केर तर रोज थोडा थोडा निघतो. यावर उपाय जोडखड्ड्याचा.

परसात ४ फूट लांब, ३ फूट रुंद व ३ फूट खोल असे दोन खड्डे शेजारी शेजारी घ्यावेत. शेजारी वाळला पाला, पाचटाचे तुकडे किंवा भुसा साठवून ठेवावा. रोजचा ओला केर खड्ड्यात टाकला की त्यावर तितकाच सुका पाला आणि ओंजळभर माती टाकावी. एवढे केले की माश्या बसत नाहीत व वास येत नाही. आठवड्यातून एकदा पातळ शेणकाला शिंपावा. एक खड्डा पाच-सहा महिने पुरतो. तो भरला की मातीने झाकून दुसरा सुरू करावा. दुसरा भरेपर्यंत पहिल्यातले खत काढणीला येते.

हे काम बहुतेक घरांत भगिनींच्या हातून होणार, हे उघड आहे. म्हणून घरच्या कर्त्या मंडळींनी निदान दोन डबे आणून द्यावेत. एक ओल्या केराचा आणि एक काच, प्लॅस्टिक, पत्र्याचा. एकदा मिसळलेला केर पुन्हा निवडणे कोणाच्याच्याने होत नाही.

काळ्या, भारी जमिनीत पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते. तेव्हा चार महिने खड्ड्याऐवजी उंचवट्यावर ढीग रचावा आणि वर पाचटाचे छप्पर करावे. हिवाळ्यात निफाड भागात थंडी कडक पडते. लहान ढीग तेव्हा गार पडतो. अशा वेळी ढीग निदान तीन फूट उंच ठेवावा आणि वर पाचट पांघरावे.

काय टाकू नये

१) प्लॅस्टिक, काच, ब्लेड, सेल, औषधांची पाकिटे, ठिबकच्या नळ्यांचे तुकडे, द्राक्षबागेच्या बांधणीची सुतळी-प्लॅस्टिक. काचेचा एक तुकडा पुढे लागणीच्या वेळी मजुराच्या पायात जातो, हे ध्यानात ठेवावे.
२) हराळीच्या काशा व लव्हाळ्याच्या गाठी. गाजरगवत फुलावर येण्याआधीचे चालते, फुललेले नको.
३) काणी आलेले उसाचे बेट. ते पोत्यात झाकून काढावे व जाळावे. पाचट जाळू नका म्हणतो, ते काणीला लागू नाही.
४) मटण-मासळीचे उरलेसुरले व तेलकट अन्न. कुत्री व उंदीर ढीग उकरतात.
५) चुलीची राख फार नको. आपल्याकडील पुष्कळ जमिनी आधीच चुनखडीच्या आहेत, आणि राखेने ढिगातले नत्रही उडते.
६) द्राक्षाच्या जाड काड्या अखंड टाकू नयेत. बोटभर तुकडे करून किंवा कुट्टी करूनच घालाव्यात.

ढीग काय सांगतो ते ओळखा

पंधरा दिवसांनी पहार ढिगात खोल खुपसून दहा मिनिटांनी काढावी. हाताला चटका बसला तर काम सुरू आहे. थंड असेल तर एक तर माल कोरडा आहे, नाही तर शेण-हिरवा पाला कमी पडला आहे. नाकाला झोंबणारा वास आला तर नत्र जास्त झाले, सुका पाला मिसळावा. सडक्या अंड्यासारखा वास आला तर पाणी जास्त झाले, माल उपसून मोकळा करावा. वाळवी लागली तर ढीग कोरडा पडला असे समजून पाणी द्यावे.

खत तयार झाल्याच्या खुणा अशा : रंग काळपट तपकिरी होतो, मूळ वस्तू ओळखू येत नाही, ढीग निम्म्याच्या आसपास बसतो, आणि पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. तरी शंका असेल तर ओलसर खत पिशवीत बांधून दोन दिवस ठेवावे. उघडताना घाण वास आला तर अजून कच्चे आहे. किंवा एका कुंडीत खत घालून मेथीचे दाणे टाकावेत. मेथी सारखी उगवून हिरवी राहिली तर खत पक्के.

उसाला किती पुरेल?

येथे मी खोटी आशा दाखवणार नाही. उसाला एकरी दहा टनांच्या आसपास सेंद्रिय खत लागते, आणि एका हौदातून एका वेळी तीन टन मिळते. म्हणजे एका भरणीत साधारण १२ गुंठ्यांची सोय झाली. वर्षातून दोनदा भरला तर सहा टन, तीनदा भरला तर नऊ टन. चांगल्या कंपोस्टात एक टक्का नत्र धरले तरी तीन टनांत ३० किलो नत्र आले, म्हणजे युरियाचे जवळजवळ दीड पोते. पण युरिया कर्ब देत नाही, स्फुरद-पालाश देत नाही, जमीन भुसभुशीत करत नाही. खरा फरक तेथे आहे.

उरलेली भर कोठून काढायची? तर पाचटातून. सगळे पाचट हौदात नेण्याची गरज नाही. खोडवा ठेवायचा असेल तर बुडखे जमिनीलगत छाटावेत, पाचट सरीत पसरावे आणि टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट टाकून, मग १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धक शेणकाल्यातून शिंपावे. संवर्धक रासायनिक खतात थेट मिसळू नये. हौदाचे खत लागणीला, आणि पाचट खोडव्याला, अशी वाटणी केली म्हणजे हिशेब जुळतो.

वेळापत्रक असे ठेवावे : जुलै-ऑगस्टच्या आडसाली लागणीसाठी मार्चमध्ये हौद भरावा. तेव्हा तोड संपत आलेली असते आणि पाचट हाताशी असते. जानेवारी-फेब्रुवारीच्या सुरू लागणीसाठी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भरावा. खत सरीत देऊन लगेच मातीआड करावे. उन्हात ढिगाने उघडे पडू देऊ नये.

सभासदांच्या नेहमीच्या शंका

गांडुळे सोडावीत का? सोडता येतात, पण ढिगातली उष्णता गेल्यावरच, म्हणजे साधारण २०-२५ दिवसांनी. तापलेल्या ढिगात गांडुळे मरतात. त्यासाठी इसेनिया फेटिडा ही केरकचरा खाणारी जात लागते. शेतातली गांडुळे त्या कामाची नाहीत.

जिवाणू संवर्धक विकत घेतलेच पाहिजे का? घरात ताजे शेण असेल तर हौदाला त्यावाचून अडत नाही. शेतात पाचट कुजवताना मात्र जरूर वापरावे.

हौदाला विटा नसतील तर? तुराट्या किंवा बांबूचे तट्टे उभे करून त्याच मापाचा हौद करावा. हवा त्यातूनही खेळते. दोन-तीन भरण्या सहज निघतात.

बंधू-भगिनींनो, उसाला भाव काय मिळणार हे आपल्या एकट्याच्या हातात नाही. पाऊस, पाणी, तोडीची पाळी, यांपैकी काहीच पूर्णपणे आपल्या हातात नाही. दारातला केर मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे. या हंगामात प्रत्येक सभासदाने निदान एक हौद भरावा. ज्यांचे क्षेत्र थोडे आहे त्यांनी जोडखड्डा तरी घ्यावा. मापे आखून हवी असतील, पहिला थर कोणाला समोर घालून दाखवायला हवा असेल, तर आपल्या गटाच्या ओव्हरसियरला किंवा स्लिपबॉयला निरोप द्यावा. आमची माणसे वस्तीवर येतील.

आणि पाचटाला काडी लावायला हात पुढे झाला, तर त्या १६ किलो नत्राची एकदा आठवण करावी.

— ऊस विकास अधिकारी